बहुरूपी फुलपाखराचे गणित

पावसाळा ओसरू लागला की गावाबाहेरच्या माळावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या कुंपणापाशी एक केशरी फुलपाखरू हमखास दिसते. पुढच्या पंखांची टोके काळी, त्या काळ्यावर तिरपा पांढरा पट्टा, मागच्या पंखांना काळी किनार आणि किनारीत पांढरे ठिपके. उडणे अगदी सावकाश, जणू कुणाचीच भीती नाही. हे प्लेन टायगर, शास्त्रीय नाव डॅनाउस क्रिसिप्पस. आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेले हे फुलपाखरू माणसाच्या फार जुन्या ओळखीचे आहे. इजिप्तमधील थीब्ज येथे नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रंगवलेल्या शिकारीच्या चित्रात ते उडताना दिसते. चित्राचा तो तुकडा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपण एखाद्या सकाळी अशी पंचवीस-तीस केशरी फुलपाखरे मोजली, तर ती सगळी प्लेन टायगरच असतील असे मात्र नाही. त्यांत एखादी डॅनाइड एगफ्लायची मादी असू शकते. शास्त्रीय नाव हायपोलिम्नास मिसिप्पस. रंग तोच, पट्टा तोच, आकारही जवळपास तेवढाच; पण हे फुलपाखरू प्लेन टायगरचे जवळचे नातलग नव्हे. तिचा नर पाहिला तर हे लगेच पटते. तो मखमली काळा असतो. पुढच्या प्रत्येक पंखावर दोन आणि मागच्या पंखावर एक असे पांढरे चंद्र, आणि प्रत्येक चंद्राभोवती उन्हात चमकणारी निळी-जांभळी झाक. नर आणि मादी शेजारी ठेवले तर ही एकाच जातीची जोडी आहे यावर नवखा माणूस विश्वास ठेवणार नाही.

आपल्याकडच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे फुलपाखरू दीर्घकाळ पहिल्या अनुसूचीत होते. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मग साहजिक प्रश्न पडतो: ज्याची नक्कल होते ते फुलपाखरू जागोजागी, आणि नक्कल करणारे मात्र विरळा, असे का? हा योगायोग आहे, की नकलेचाच काही नियम?

रुईचा चीक आणि केशरी इशारा

गणित सुरू होते रुईपासून. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती ही रुई. तिचे पान तोडले की पांढरा चीक येतो. तो विषारी असतो, म्हणून भुकेली शेळी सोडली तर गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. प्लेन टायगरची मादी मात्र नेमके हेच झाड शोधते आणि पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडे घालते. बागेत लावतात त्या हळदीकुंकवाच्या झाडावरही, म्हणजे रुईच्याच कुळातल्या लाल-पिवळ्या फुलांच्या झुडपावर, तिची अंडी मिळतात. अळी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची असते आणि पाठीवर लांब धाग्यांच्या तीन जोड्या मिरवते. खाण्यापूर्वी ती अनेकदा पानाची शीर कुरतडते. चीक तिथून वाहून जातो, आणि पुढच्या भागावर ती निवांत चरते.

या झाडांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड वर्गातील द्रव्ये असतात. अळी ती अंगात साठवू शकते आणि कोषातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखरातही ती उतरतात. नर आणखी एक उद्योग करतो. खुळखुळ्यासारख्या वनस्पतींच्या सुकलेल्या भागांवर बसून तो तिथली अल्कलॉइड शोषून घेतो. मादीला आकर्षित करणारा गंध त्यातून तयार होतो आणि संरक्षणही मिळते. एखाद्या पाखराने असे फुलपाखरू पकडलेच, तर कडू चव लागून ते बहुधा सोडून देते. चिवट, चामड्यासारख्या अंगामुळे फुलपाखरूही चोचीचा मार सोसून पुष्कळदा वाचते. पाखरू केशरी रंगाचा धडा घेते. पुढच्या वेळी ते त्या रंगाच्या वाटेला जात नाही.

डॅनाइड एगफ्लायच्या अळीचा आहार अगदी वेगळा. तिचे आवडते झाड म्हणजे घोळ, आपण जिची भाजी करतो तीच. कोरांटीच्या कुळातल्या काही वनस्पतींवरही ती वाढते. घोळीत रुईसारखे विष नाही, त्यामुळे तिच्यावर वाढलेले फुलपाखरू पाखराला खाण्याजोगे असते. म्हणजे मादीच्या अंगावर इशारा आहे, पण इशाऱ्यामागे काही नाही.

आपल्याकडे बहुरूपी येत असत, अजूनही कुठे कुठे येतात. खाकी कपडे, हातात दंडुका, तोंडात कायद्याची कलमे. फौजदाराचे सोंग घेतलेला बहुरूपी दारात उभा राहिला की क्षणभर घरधनी दचकतो. ते दचकणे बहुरूप्याने निर्माण केलेले नसते. ते खऱ्या फौजदाराने आधीच निर्माण करून ठेवलेले असते. बहुरूपी ते उसने घेतो. गावात रोज दहा खोटे फौजदार येऊ लागले आणि खरा वर्षातून एकदा, तर दचकणे थांबेल, आणि मग खऱ्यालाही कुणी जुमानणार नाही. डॅनाइड एगफ्लायच्या मादीची अडचण नेमकी ही आहे. तिला ज्याला फसवायचे आहे त्या पाखराचे नावही आपल्याकडे कोतवाल असावे, ही भाषेची गंमत.

बेट्सचे निरीक्षण आणि मैनांची परीक्षा

अशा नकलेला प्राणिशास्त्रात अनुकृती म्हणतात. निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्याचे रूप घेणे, या प्रकाराला हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाचे नाव आहे. बेट्स 1848 मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात गेले आणि अकरा वर्षे तिथे राहिले. तिथल्या कडू फुलपाखरांच्या थव्यांत वेगळ्याच कुळातली, पण हुबेहूब तशीच दिसणारी थोडी फुलपाखरे त्यांना सापडली. त्यांचा निबंध 1862 मध्ये प्रसिद्ध झाला. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडून डार्विनला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. बेट्सचे स्पष्टीकरण त्या सिद्धांताला मिळालेले फार मोलाचे पाठबळ ठरले आणि डार्विनने त्याचे मनापासून कौतुक केले. नकलाकार संख्येने अस्सलापेक्षा फार कमी असतात, हे बेट्सनी तेव्हाच टिपले होते.

पण किती कमी? हा प्रश्न जंगलात सोडवणे अवघड आहे, कारण कुठल्या पाखराने कुठले फुलपाखरू पूर्वी चाखले आहे हे आपल्याला कळत नाही. जेन व्हॅन झांट ब्राउअर या अमेरिकन संशोधिकेने त्याची पिंजऱ्यात परीक्षा घेतली. 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या प्रयोगात स्टार्लिंग, म्हणजे आपल्या मैनेच्या कुळातले पक्षी होते आणि खाद्य म्हणून पिठातल्या अळ्या. काही अळ्यांना हिरवा रंग लावून क्विनीनने कडू केले, हे अस्सल. काहींना तोच हिरवा रंग लावला, पण कडूपणा दिला नाही, हे नकलाकार. दोघांचे प्रमाण ती बदलत गेली: नकली 10 टक्के, 30 टक्के, 60 टक्के, 90 टक्के.

निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा होता. नकली अळ्यांचे प्रमाण 60 टक्क्यांपर्यंत गेले तरी त्यांतल्या सुमारे 80 टक्के अळ्यांना पक्ष्यांनी सोडून दिले. 90 टक्क्यांवर मात्र बचाव कोसळला, तरी तो शून्यावर आला नाही. यातून दोन गोष्टी समजतात. नकलाकार दुर्मीळच असला पाहिजे असा सरसकट नियम नाही. अस्सल जितका जास्त कडू, तितके जास्त खोटे त्याच्या आडोशाला खपतात. आणि दुसरी गोष्ट, जी अधिक महत्त्वाची: दुर्मीळपणा ही एकट्या जातीची बाब राहत नाही, ते दोघांमधले प्रमाण असते. अस्सल कमी झाले की नकलाकाराची संख्या तेवढीच राहूनही तो एकाएकी 'फार' होतो.

इथे एक सावधगिरीही हवी. अमेरिकेतील मोनार्क आणि व्हाइसरॉय ही जोडी पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे अस्सल आणि नकली म्हणून शिकवली गेली. 1991 मध्ये रिटलँड आणि ब्राउअर यांनी पंख काढून केवळ धड पक्ष्यांपुढे ठेवले, तेव्हा व्हाइसरॉयही बेचव निघाले. म्हणजे तिथे खोटा कुणीच नव्हता. दोघे मिळून एकच इशारा देत होते. उलट प्लेन टायगर किंवा मोनार्क यांच्यातही प्रत्येक फुलपाखरू सारखेच कडू नसते. ज्या झाडावर अळी वाढली त्यात द्रव्य कमी असेल तर फुलपाखरूही फिके. ते आपल्याच जातभाईंच्या कीर्तीवर जगते. अस्सल आणि नकली यांच्यातली रेघ वाटते तितकी ठळक नाही.

सोंग फक्त मादीचे

मग नर काळाच का? हे सोंग इतके उपयोगी, तर ते दोघांनी का घेतले नाही? आल्फ्रेड रसेल वॉलेसनी 1865 च्या निबंधात मलाया द्वीपसमूहातल्या पॅपिलिओ फुलपाखरांविषयी लिहिताना याचे उत्तर सुचवले होते. मादी अंड्यांनी जड असते, योग्य पान शोधत जमिनीलगत हळू उडते, आणि अंडी घालेपर्यंत तिला जगावेच लागते. तिला धोका जास्त, म्हणून संरक्षणाची गरज जास्त. डार्विनच्या वळणाचे उत्तर वेगळे होते: नराचे रूप माद्यांच्या निवडीने बांधलेले असते, त्यामुळे तो जुने रूप सोडू शकत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील कृष्णमेघ कुंटे यांनी 2008 मध्ये पॅपिलिओ फुलपाखरांच्या वंशवृक्षावरून हा जुना वाद तपासला. नकलाकार जातींत पूर्वजांच्या रूपापासून दूर गेली ती मादी, हे त्यांना आढळले. वॉलेसच्या बाजूने हा मोठा पुरावा होता.

प्रमाणाच्या गणितातही हे बसते. सोंग फक्त माद्यांनी घेतले तर खोट्या फुलपाखरांची संख्या निम्म्यावर येते, आणि उसन्या भीतीवरचा भार हलका होतो.

आपल्या अंगणातल्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढणारे कॉमन मॉरमॉन या बाबतीत आणखी पुढे गेले आहे. त्याच्या माद्या तीन रूपांत दिसतात: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. एकाच अस्सलावर सगळा भार टाकण्याऐवजी तो दोघांत वाटला गेला आहे. 2014 मध्ये कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर नियतकालिकात दाखवले की या सगळ्या रूपबदलाची कळ डबलसेक्स या एकाच जनुकात आहे. नर-मादी भेद घडवणाऱ्या जनुकानेच सोंगाचेही काम पत्करले.

प्लेन टायगरवरचा भार मात्र एकट्या एगफ्लायचा नाही. कोकणात आणि गोव्यात माड-पोफळीच्या बागांत टेल्ड पामफ्लाय नावाचे फुलपाखरू असते. त्याची मादी केशरी-काळी होऊन हेच सोंग घेते. दक्षिणेकडच्या उंच डोंगरांत इंडियन फ्रिटिलरीची मादीही याच वेशात फिरते. एका फौजदाराच्या नावावर असे अनेकजण गावे मागून खातात.

ओळखावे कसे

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. ज्याला एगफ्लायची मादी पाहायची आहे त्याने आधी प्लेन टायगर पुरता पाहून घ्यावा, कारण अस्सल पाठ असल्याशिवाय खोटे ओळखू येत नाही.

पहिली खूण मागच्या पंखावर. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, मादीला तीन आणि नराला चार. नराचा चौथा ठिपका म्हणजे त्याची गंधाची पिशवी. एगफ्लायच्या मादीच्या मागच्या पंखावर एकच काळा ठिपका असतो, आणि तोही मध्यात नसून पंखाच्या वरच्या कडेजवळ. पंखाची कडही किंचित दंतुर दिसते. फुलपाखरू फुलावर बसले आणि पंख उघडले की ही खूण नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुर्बीण असेल तर उत्तमच.

दुसरी खूण वागण्यात. निवांत असताना मादी प्लेन टायगरसारखी संथ उडते, पण आपली सावली पडली, पाऊल वाजले, की तिचा धीर सुटतो. ती झपकन दूर निघून जाते. प्लेन टायगर त्याच प्रसंगी चार हातांवर जाऊन पुन्हा बसतो. अस्सलाला पळण्याची घाई नसते.

तिसरी खूण सगळ्यांत भरवशाची: ती अंडी कुठे घालते ते पाहावे. केशरी मादी रुईभोवती घिरट्या घालत असेल तर ती प्लेन टायगर. तीच जर जमिनीलगत घोळीची मऊ पाने चाचपत असेल, तर ती एगफ्लाय. पाखराला फसवता येते, पण पोटच्या अळीला घोळीऐवजी रुई खायला घालता येत नाही. त्यामुळे अळीतही नकलेचा मागमूस नाही. तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात, प्लेन टायगरच्या गुळगुळीत पट्टेरी अळीशी तिचे काहीच साम्य नाही. अंडे, अळी, कोष आणि सगळे नर यांना वगळून हे सोंग फक्त पंख फुटलेल्या मादीच्या थोड्या दिवसांपुरते आहे.

नर शोधणे त्या मानाने सोपे. मोकळ्या जागी एखादा दगड किंवा झुडपाचे टोक धरून तो बसतो आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक फुलपाखराचा पाठलाग करून पुन्हा त्याच जागी येतो. नर दिसला की आसपासच्या केशरी फुलपाखरांकडे पुन्हा एकदा, मागचा पंख लक्षात ठेवून, पाहावे.

पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घाईने केलेल्या नोंदीत प्रत्येक केशरी फुलपाखरू 'प्लेन टायगर' म्हणून जाते. जे सोंग कोतवालासाठी आहे, त्याने आपणही फसतो. म्हणजे या मादीच्या विरळ नोंदींमागे तिची खरी कमी संख्या किती आणि आपली नजर किती, हे वेगळे करणे सोपे नाही. त्यासाठी 'एक मादी दिसली' एवढी नोंद पुरत नाही. एका वाटेवर, ठरावीक वेळात, एकूण किती केशरी फुलपाखरे पाहिली, किती जणांचा मागचा पंख नीट दिसला, आणि त्यांत एगफ्लाय किती, असे तिन्ही आकडे लिहून ठेवले तर ती नोंद कामाची. फुलपाखरू पकडू नये. वरच्या आणि खालच्या बाजूचे छायाचित्र पुरते.

कायदा नावाला, आधार तणाला

एगफ्लायला कायद्याने संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. तिचा व्यापार आणि संग्रह त्यामुळे रोखता येतो. पण तिचे रोजचे संरक्षण कायद्याकडून येत नाही. ते प्लेन टायगरकडून येते. प्लेन टायगरचे येते रुईकडून. आणि तिच्या अळीचे पोट भरते घोळ. या दोन्ही वनस्पती कुठल्याही अभयारण्याच्या फलकावर नसतात. रुई गायरानावर, रेल्वेच्या कडेला, पडीक भूखंडावर. घोळ शेताच्या बांधावर, पाटाच्या काठी, कुंडीच्या मातीत. रस्तारुंदीकरण, सोसायटीची 'स्वच्छता', बांधावरची तणनाशकाची फवारणी, यांत पहिल्यांदा जातात त्या ह्याच.

अस्सल नाहीसे झाले की काय होते, याचा दाखला उत्तर अमेरिकेत मिळतो. तिथे रेड-स्पॉटेड पर्पल हे फुलपाखरू पाइपव्हाइन स्वॅलोटेल या विषारी फुलपाखराची नक्कल करते. उत्तरेकडे, जिथे तो विषारी शेजारी नसतो, तिथे त्याच जातीचे फुलपाखरू ते रूप टाकून पांढऱ्या पट्ट्याचे वेगळेच रूप धारण करते. अस्सलाशिवाय सोंगाला किंमत उरत नाही, हे तिथे नकाशावर वाचता येते. अर्थात असा बदल पिढ्यान्‌पिढ्या चालतो. एखाद्या तालुक्यातली रुई दहा वर्षांत संपली, तर तिथल्या केशरी मादीला तेवढी सवड मिळणार नाही. तिच्या भोवतालची नवी पाखरे तो रंग निर्धास्तपणे चाखायला शिकतील.

म्हणून एगफ्लाय जपायची असेल तर तिच्यापेक्षा तिच्या शेजाऱ्याची काळजी आधी घ्यावी लागते. कुंपणालगतची चार रुईची झाडे न तोडणे आणि बागेतली घोळ भाजीपुरती खुडून बाकीची राहू देणे, एवढे तरी कुठल्याही घराला, शाळेला जमण्यासारखे आहे. दिवाळीच्या सुट्टीत उन्हे कोवळी असतात, झेंडू-शेवंतीवर फुलपाखरांची वर्दळ असते. त्या दिवसांत मुलांना घेऊन माळावर गेलात तर केशरी फुलपाखरे मोजा, आणि प्रत्येकाच्या मागच्या पंखावरचे ठिपकेही.